बोअर केल्यावरही गाडी धूर मारते, तापते, ओढत नाही : इंजिन परत खोलण्याआधी हे बघा

"भाऊ, आताच तर बोअर केला, अन् गाडी पुन्हा धूर मारून राह्यली." दारव्हा-नेर पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजात बसा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की जरा जास्तच. बोअर करणं म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कापून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) बसवणं. मालकाच्या मनात निदान झालेलं असतं: रिंगा खराब, नाहीतर मेकॅनिकने चुना लावला. म्हणून तो इंजिन खोलायलाच सांगतो.

माझं म्हणणं उलट आहे. बोअर-पिस्टनचं काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर इंजिन खोलणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. खोललं की पॅकिंग नवीन, ऑइल नवीन, मजुरी पुन्हा, आणि जी रिंग सिलेंडरशी जुळत आली होती ती जागेवरून हलते. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इंजिनाच्या बाहेरच सापडतं. खाली लिहिलंय ते 100 ते 125 सीसीच्या, हवेने थंड होणाऱ्या चार-स्ट्रोक गाड्यांसाठी. नवी कोरी गाडी रनिंगमध्ये (सुरुवातीच्या किलोमीटरांत) असेल तर तपासण्या त्याच, पण ती वॉरंटीत असते. तेव्हा पाना लावायच्या आधी सर्व्हिस सेंटर गाठा.

लक्षणं ओळखा

धूर आहे एवढं पुरत नाही, तो कधी येतो ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन निळा धूर आला आणि मिनिटाभरात गेला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू न देणारं रबर). उतारावर ॲक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली आल्यावर पीळ देताच निळा लोट निघाला, तरीही सील किंवा गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती). चढावर, लोडवर, पीळ देत असतानाच सतत निळा येत असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ काहीच नाही, तिच्याकडे बघूही नका.

तापण्याचंही तसंच. इंजिन गरम होणारच, नव्या बोअरचं जरा जास्त होतं, कारण रिंग आणि भिंत एकमेकांना घासून जागा करत असतात. काळजीचं तापणं वेगळं: चार-सहा किलोमीटरमध्ये गाडीचा ओढा एकदम कमी होतो, ॲक्सिलरेटर वाढवला तरी वेग वाढत नाही, बंद केली तर किक जड लागते आणि अर्ध्या तासाने गाडी मुकाट्याने सुरू होते. ही पिस्टन धरायच्या, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये अडकायच्या, आधीची पायरी.

ऑइल घटतं, वरून टक-टक किंवा खालून धप-धप आवाज येतो, पिकअप नाही, ॲव्हरेज पडलं, हीपण लक्षणं नोंदवा. कोणती एकत्र येतात यावरून अर्धं निदान होतं.

आणि एक लक्षण बहुतेकांना माहीत नसतं. बोअर करायच्या आधी गाडी महिनोन्‌महिने ऑइल जाळत होती ना? ते सगळं ऑइल सायलेन्सरच्या आत चिकटून बसलेलं असतं. नवं इंजिन तापलं की ते जळायला लागतं, आणि धूर मागून येतो म्हणून दोष नव्या रिंगांवर जातो. हा धूर दिवसागणिक कमी होत जातो. पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच आठव्या दिवशीही असेल तरच पुढे वाचा.

फुकटातल्या तपासण्या

पहिली, ऑइलची लेव्हल. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग पट्टी पुसून घाला. पुष्कळ गाड्यांत पट्टीचे आटे न फिरवता ती नुसती टेकवून मोजायची असते. आटे बसवून मोजलं तर लेव्हल खरीपेक्षा जास्त दिसते आणि कमी ऑइलवर गाडी पळते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते एकदा बघाच. कमी ऑइल घातक, हे सगळ्यांना कळतं. जास्त ऑइलही त्रास देतं, हे फारसं कोणी मानत नाही. "नवीन इंजिन आहे, थोडं जास्त राहू दे" म्हणून पूर्ण डबा ओततात, आणि काही छोट्या गाड्यांना ऑइल बदलताना लिटरभरही लागत नाही. वरचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, जातं, तिथून इंजिनात, तिथून निळा धूर होऊन मागे. जास्तीचं काढलं, एअर बॉक्स पुसला, की काम संपलं.

डब्यात कोणतं ऑइल आहे तेही बघा. ऑइलच्या जाडपणाचा आकडा कंपनीने 10डब्ल्यू-30 सांगितला असेल तर ते, 20डब्ल्यू-50 सांगितला असेल तर ते. आणि डब्यावर जासो एमए लिहिलेलं हवं, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घरात ट्रॅक्टरचं ऑइल उरलंय म्हणून तेच टाकलं, असं खेड्यात सर्रास चालतं. मग क्लच घसरतो, आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही, आणि मालक म्हणतो बोअर बसला नाही.

दुसरी, गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवा. पावसाळ्यात पांदण रस्त्याने आलेल्या गाडीच्या ड्रममध्ये काळी माती आणि मडगार्डखाली गोळेच्या गोळे बसलेले असतात. ब्रेक धरून राहतो, इंजिन दिवसभर ब्रेक दाबलेली गाडी ओढतं आणि तापतं. चेन फार ताणलेली असली तरी हेच. चेन वरखाली बोटाने हलवून दोन-अडीच सेंटीमीटर खेळ आहे का ते बघायला अर्धा मिनिट लागतो.

तिसरी, सिलेंडरच्या फिन. आपल्याकडची चिकट काळी माती त्या फिनांमध्ये घट्ट बसते आणि वाळून विटेसारखी होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची सगळी मदार त्या फिनांवर. इंजिन पूर्ण थंड असताना लाकडी काडीने माती काढा, मग पाणी मारा. गरम इंजिनावर गार पाणी मारू नका. क्रॅश गार्डला फ्लेक्सचा तुकडा, खताची रिकामी गोणी, दुधाची किटली, काहीही बांधून हवा अडवली असेल तर ते सोडा.

एअर फिल्टर : इथे वेळ घालवा

आमच्या भागातली इंजिनं म्हातारी होऊन मरत नाहीत, धूळ खाऊन मरतात. वणी-घुग्घुसकडे कोळशाची धूळ, इकडे मुरमाची, आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला हडंब्याजवळ (मळणीयंत्राजवळ) उभ्या असलेल्या गाडीवर सोयाबीनच्या भुश्शाचा जाड थर. ही धूळ इंजिनात गेली की ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. नव्या रिंगा काही आठवड्यांत जुन्या होतात. दुसऱ्यांदा बोअर केलेली गाडी तिसऱ्यांदा येते तेव्हा मी सगळ्यात आधी एअर बॉक्सचं झाकण बघतो, सायलेन्सर नाही.

झाकण उघडल्यावर नुसता फिल्टर बघून बंद करू नका. फिल्टर काढा आणि त्याच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी रबरी नळी बघा. एका पोराची गाडी अशीच आली होती. फिल्टर नवीन, बाहेरून सगळं चकाचक. नळीच्या आत बोट फिरवलं तर बोटावर तांबूस पीठ, आणि नळीच्या एका बाजूला मातीची पातळ रेघ सरळ कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत गेलेली. झाकणाच्या तीन स्क्रूंपैकी एक नव्हता, क्लॅम्प सैल होता. धूळ फिल्टरला वळसा घालून जात होती. असा फिल्टर नवीन असून उपयोग काय?

तेव्हा: फिल्टरच्या पुढची नळी आतून स्वच्छ आहे का, क्लॅम्प घट्ट आहे का, झाकणाचं रबर जागेवर आहे का, सगळे स्क्रू आहेत का. फिल्टर कोणत्या जातीचा आहे तेही ओळखा. स्पंजचा असेल तर रॉकेल किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ऑइल लावून, पिळून बसवायचा. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारायची. चिकट, ऑइल लावलेल्या कागदाचा असेल तर त्याला हवा मारायचीच नाही. तो खराब झाला की बदलायचा. पंक्चरच्या दुकानात तिन्हींना एकच हवा मारतात. कंपनीने लिहिलेले किलोमीटर डांबरी रस्त्याचे समजा. वावरात रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर त्याच्या निम्म्यात बघावा लागतो.

पेट्रोल, हवा आणि प्लग

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणावर इंजिन बेफाम तापतं. नव्या बोअरमध्ये पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. जास्त तापून पिस्टन फुगला की ती फट संपते.

टाकीचं झाकण जरा उघडून गाडी चालवून बघा. ओढा सुधारला तर झाकणातलं श्वासाचं भोक मातीने बंद झालंय. दुसरं, कार्बोरेटर आणि हेडच्या मधला रबर किंवा फायबरचा जोड. बोअरच्या कामात तो निघतो आणि परत बसवताना जुनाच ओ-रिंग टाकतात. गाडी आयडलवर ठेवून जोडावर थोडं साबणाचं पाणी शिंपडा. आवाजात फरक पडला तर हवा तिथून शिरतेय. पेट्रोल शिंपडून हीच तपासणी करणारे लोक आहेत. गरम सायलेन्सरच्या शेजारी तो उद्योग करू नका.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे फिरवायला स्क्रू नाही आणि फिरवायचा प्रयत्नही करायचा नाही. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला असेल तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा.

प्लग शेवटी काढा, गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून, थेट बंद करून. टोक विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर पातळ मिश्रण, गाडी तिथेच थांबवा. ओला, काळा, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय आणि पुढच्या तपासण्या करायच्या.

गाडी चालवली कशी?

हे फुकट आहे, तरी इतक्या उशिरा लिहितोय, कारण ऑइल कमी असलेल्या किंवा पातळ मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनाला हा उपाय केला तर ते मरेल. वरचं सगळं ठीक निघालं तरच.

बोअर झाल्यावर गावात प्रत्येक जण एकच सल्ला देतो: हळू चालव, तीस-चाळीसच्या वर नेऊ नको. सल्ला अर्धाच बरोबर आहे. बोअर कापल्यावर होनिंग करताना, म्हणजे सिलेंडर आतून दगडाने घासताना, भिंतीवर तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. त्यात ऑइल थांबतं, आणि त्यांच्या टोकांवर घासून रिंग स्वतःची जागा करून घेते. रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडा. खरा दाब येतो जळणाऱ्या वायूचा, जो रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. गाडी तासभर आयडलवर ठेवली, किंवा शंभर किलोमीटर एकाच मुंगीच्या वेगाने नेली, तर हा दाब मिळतच नाही. रिंग अर्धवट टेकते, ऑइल भिंतीवर जळून काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि रेघा बुजतात. मग कितीही चालवा, रिंग बसत नाही आणि ऑइल जळत राहतं.

आजोबांनी टॉप गिअरला पंचवीसच्या वेगाने, मागे युरियाची 45 किलोची बॅग आणि वर नातू घेऊन गाडी हळू चालवली, तर ते हळू चालवणं नव्हे. इंजिन गुदमरतं, धडधडतं, तापतं. वेग कमी आणि भार जास्त, हे सगळ्यात वाईट.

करायचं असं. सुरू केल्यावर मिनिटभर थांबा, जास्त नाही. डबल सीट नको, सामान नको. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला मध्यम वेगापासून अर्धा ते पाऊण ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवा, मग पूर्ण सोडून गाडीला इंजिनाच्याच ओढीने मंद होऊ द्या. वाढवताना रिंग दाबली जाते, सोडताना ऑइल वर येऊन घासलेला बारीक चुरा धुऊन नेतं. असं पाच-सात वेळा, मग सावलीत गाडी थंड होऊ द्या. पूर्ण ॲक्सिलरेटर नको आणि एकच वेग मैलोन्‌मैल नको. म्हणजे जाम-हिंगणघाटचा चौपदरी रस्ता पहिल्या पाचशे किलोमीटरला टाळा आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाटही. कंपनीच्या पुस्तकात पहिल्या 500 ते 1000 किलोमीटरसाठी वेगाची मर्यादा दिलेली असते, ती पाळा. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) काम केलं असेल तर सकाळी नवाच्या आत काय फिरायचं ते फिरा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर असताना दुपारी नव्या बोअरची गाडी काढणं म्हणजे हट्ट.

पहिलं ऑइल लवकर बदला. पुस्तकातला पहिल्या सर्व्हिसचा आकडा नव्या इंजिनासाठी असतो. लेथवर कापलेल्या बोअरसाठी मी दोन-तीनशे किलोमीटरवरच काढायला सांगतो. काढलेलं ऑइल उन्हात थाळीत बघा. चंदेरी झाक असणार, ती चालते. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे असतील तर गाडी पुढे चालवायची नाही.

पाना आणि हात दोन्ही असतील तर

टॅपेट. हेड उघडून बसवलं की टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली मोकळीक, बदललेली असू शकते. फट घट्ट झाली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) जातं, गाडी गरम असताना सुरू होत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. इंजिन पूर्ण थंड, मॅग्नेटोवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळलेली, दोन्ही रॉकर हलताहेत याची खात्री, आणि मगच फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). छोट्या गाड्यांत ही फट 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तकातला घ्यायचा. "अंदाजाने टक-टक येईपर्यंत" हे माप नव्हे.

टॅपेटची टोपी उघडीच आहे तर आयडलवर काही क्षण बघा, वर ऑइल येतंय का. येत नसेल तर लगेच बंद. हेडपर्यंतचा मार्ग पॅकिंगच्या पेस्टच्या गुठळीने बंद होतो, किंवा ज्या स्टडच्या बाजूने ऑइल वर जातं तिथे वॉशर चुकीचा पडतो. इथे तुमचं काम संपलं, गाडी ढकलत न्या.

शेवटची तपासणी कॉम्प्रेशनची. प्लग काढून गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, चावी बंद ठेवून दमदार किक मारा. आकडा लिहा. मग प्लगच्या भोकातून लहान चमचाभर ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर गळती रिंगांतून, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. या दोन आकड्यांचा कागद घेऊन मेकॅनिककडे गेलात तर बोलणं पाच मिनिटांत संपतं.

इथे थांबा

चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम धरलं, खालून धप-धप येतंय, ऑइलमध्ये धातूचे पापुद्रे आहेत, हेडला ऑइल पोचत नाही, किंवा ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन वाढतं आणि वर सांगितल्याप्रमाणे चालवूनही धूर तसाच: यातलं एकही असेल तर किक मारणं बंद. धरलेला पिस्टन थंड झाल्यावर सुटतो आणि गाडी सुरूही होते, म्हणून लोक तशीच घरी नेतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम तोवर भिंतीला लागलेलं असतं आणि प्रत्येक किलोमीटर बोअरचा पुढचा साइझ जवळ आणतो. हे साइझ 0.25 च्या पायरीने बहुधा 1.00 मिलिमीटरपर्यंतच मिळतात. त्यानंतर लायनर (सिलेंडरच्या आत बसवायची नवी नळी) किंवा आख्खं किट. काही नव्या गाड्यांच्या सिलेंडरला आतून कठीण मुलामा असतो, त्यांना बोअर होतच नाही.

इंजिन उघडणारच असेल तर समोर उभे राहा आणि एवढं विचारा. पिस्टन आधी आणून त्याच्या मापाने बोअर कापला का? नव्या रिंगांची फट सिलेंडरमध्ये घालून मोजली का? (50 मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण 0.10 ते 0.30 मिलिमीटरच्या आत हवी.) रिंगेवरची खूण वरच्या बाजूला आणि तिघींची तोंडं वेगवेगळ्या दिशेला आहेत का? पिस्टनवरची खूण पुस्तकात सांगितलेल्या बाजूला आहे का? कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ आहे का? खेळ असेल तर नुसत्या बोअरवर पैसे घालू नका, क्रँकही काढावा लागेल.

आणि होनिंगनंतर सिलेंडर कशाने धुतला ते विचारायला विसरू नका. डिझेल-रॉकेलने ग्रीस निघतं, पण दगडाची भुकटी रेघांत अडकून राहते आणि पहिल्याच दिवशी रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, त्यावर पांढऱ्या फडक्याने पुसायचं. फडकं करडं होईनासं होईपर्यंत धुवायचं, लगेच कोरडं करून ऑइल लावायचं, आणि मगच जोडायचं. फडकं घरून न्या, गॅरेजात पांढरं मिळत नाही.